करोडगिरीपासून भन्सारपर्यंत : आपली गाडी, दुसऱ्याचा मुलुख

दिवाळी जवळ आली की मला एक ठरलेला फोन येतो. माणसं वेगळी, प्रश्न तोच. "भाऊ, यंदा आपली गाडी घेऊनच नेपाळला जायचं ठरतंय. पासपोर्ट लागतो का?"

लागत नाही. मतदार ओळखपत्र चालतं. पासपोर्ट असला तर उत्तमच. एवढं ऐकलं की समोरचा खूश होतो, "मग काय, दुसऱ्या राज्यात गेल्यासारखंच आहे" म्हणतो आणि फोन ठेवतो. आजवर एकानंही मला पुढचा प्रश्न विचारलेला नाही, की आपल्या गाडीचा विमा तिकडे चालतो का?

ही पोस्ट त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. पण सरळ तिथं जात नाही. स्वतःचं वाहन घेऊन दुसऱ्याच्या मुलखात शिरायचं तर कागद का लागतात, याचा इतिहास आपल्या खान्देशाच्या वेशीवरच पडलेला आहे. तो कळला की बाकीचं समजायला सोपं जातं. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आज जळगावहून अजिंठ्याला जायचं म्हणजे काय? सकाळचा चहा घ्यायचा आणि निघायचं. नेरी, पहूर, वाकोद, फर्दापूर. (हा रस्ता किती वर्षं खोदून ठेवला होता तो विषय वेगळा, त्यावर मी आधीच पुष्कळ शाई आणि पेट्रोल घालवलंय.) पण सप्टेंबर १९४८ पर्यंत याच रस्त्यावर वाकोद मागे पडलं की दुसरं राज्य लागायचं. जळगाव म्हणजे पूर्व खान्देश जिल्हा, मुंबई इलाखा, इंग्रजी अंमल. फर्दापूर म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान. तिथलं टपालाचं तिकीट वेगळं, नाणं वेगळं, आणि जकातीचं खातंही वेगळं. त्या खात्याला म्हणायचे करोडगिरी. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द अजून आहे. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असायचे आणि बाहेरून आत येणाऱ्या मालावर तिथं महसूल द्यावा लागायचा.

पैशाचीही अदलाबदल करावी लागे. निजामाचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कळदार. भाव साधारण ७ हालीला ६ कळदार. सोयगाव-अजिंठ्याकडचा शेतकरी कापूस विकायला इकडे आला की कळदार घेऊन जायचा, आणि इकडचा व्यापारी तिकडे गेला की हालीत हिशेब करायचा. दोन्हीकडे मराठीच बोलणारी माणसं, दोन्हीकडे तीच काळी जमीन, सोयरिकी इकडच्या तिकडे. पण नाका तो नाकाच.

आणि अजिंठ्याची लेणी बघायला जगभरातून यायचे ते लोक उतरायचे कुठे? आपल्याकडेच. कुणी जळगाव स्टेशनावर उतरून मोटार करायचं, कुणी पाचोऱ्याहून जामनेरच्या छोट्या गाडीत बसून पहूरला यायचं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जळगावचा जो मोटारवाला पाहुण्यांना लेण्यांवर सोडून संध्याकाळी परत यायचा, तो एका अर्थानं परदेशी भाडं मारत होता. त्याला कुणी परदेशी प्रवासी म्हटलं नाही, पण दोन अंमल, दोन नाणी आणि दोन जकाती सांभाळून गाडी चालवणं काय असतं ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

धुळेकरांची गोष्ट फार वेगळी नाही. मुंबई-आग्रा रस्त्यानं शिरपूर सोडायचं, पळासनेर मागे टाकायचं, बिजासनचा घाट चढला की सेंधवा. सेंधवा होळकरांचं. पुढे इंदूर, ते तर राजधानीच. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला खान्देशचं मुख्य ठाणं केलं तेव्हापासून धुळ्याचं महत्त्व या रस्त्यानं वाढवलं, आणि हा रस्ता पहिल्यापासून एका अंमलातून दुसऱ्यात जाणारा आहे.

हे सगळं १९४७-४८ नंतर पुसलं गेलं. चांगलंच झालं. पण त्याचा एक परिणाम असा झाला की आपल्या दोन-तीन पिढ्यांना गाडी घेऊन सीमा ओलांडणं म्हणजे काय, हे ठाऊकच राहिलं नाही. आपल्यासाठी सीमा म्हणजे राज्याचा बोर्ड आणि जरा स्वस्त डिझेल.

तिकडे जगात मात्र याच काळात या प्रश्नाचं एक मोठं शास्त्र तयार झालं. युरोपात मोटारी आल्या आणि लगेच अडचण उभी राहिली, कारण तिथले देश छोटे. सकाळी निघालेला माणूस दुपारी दुसऱ्या देशात. ११ ऑक्टोबर १९०९ ला पॅरिसमध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मोटार करार झाला. त्यानं एक वर्ष चालणारा प्रवासी दाखला आणला आणि गाडीच्या मागे देशाची अक्षरं लावायची पद्धत पाडली. पांढऱ्या लंबगोलात काळी अक्षरं. आपल्या वाट्याला आलं 'बीआय', म्हणजे ब्रिटिश इंडिया. स्वातंत्र्यानंतर त्याचं 'आयएनडी' झालं. आज बऱ्याच गाड्यांच्या मागे लोक हौसेनं हे लंबगोल स्टिकर लावतात आणि शेजारी गावाचं किंवा दादांचं नाव टाकतात. मूळ नियम १९४९ च्या जिनिव्हा करारातला आहे : अक्षरांची उंची किमान ८० मिलिमीटर, आणि लावायचं ते देशाबाहेर जाताना.

१९२६ च्या करारानं गाडीचा दाखला आणि चालवणाऱ्याचा परवाना वेगळे केले. आज आरटीओत जो आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो, त्याचं मूळ तिथं. फॉर्म ४-अ, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे मिळतो. दुबईला किंवा अमेरिकेत मुलाकडे जाणारे आता आवर्जून काढून घेतात. नेपाळ-भूतानला तो लागत नाही, तिथं आपलं साधं लायसन चालतं.

आता मुख्य मुद्दा. परक्या गाडीवाल्याकडे बघताना कुठल्याही सरकारला दोन भीती वाटतात. पहिली, हा गाडी आत आणून विकून टाकेल आणि आमचा कर बुडेल. दुसरी, हा इथल्या माणसाला उडवून आपल्या देशात पळून जाईल, मग भरपाई कुणी द्यायची? सीमेवरचे सगळे कागद, पावत्या, शिक्के या दोन भीतींतूनच आलेत. करोडगिरीच्या नाक्यावर पहिलीच भीती होती. मोटार आल्यावर दुसरी आली.

पहिल्या भीतीवर जगानं काढलेला उपाय म्हणजे कार्ने. पूर्ण नाव कार्ने द पासाज आँ दुआन, फ्रेंच आहे, आपण कार्नेच म्हणू. हे एक पुस्तक असतं, ५, १० किंवा २५ पानांचं. प्रत्येक पानाचे तीन भाग. देशात शिरताना कस्टमवाला एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा फाडतो, तिसऱ्यावर दोन्ही शिक्के उमटतात आणि तो आपल्याकडे राहतो. शिक्के पुरे असतील तर गाडी गेली तशी परत आली याचा पुरावा झाला. बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर त्या देशाचा पूर्ण आयात कर वसूल होतो. कुणाकडून? ज्यांनी पुस्तक दिलं त्या संस्थेकडून. म्हणून ती संस्था आधीच आपल्याकडून बँक गॅरंटी घेऊन ठेवते. आपल्याकडे हे काम मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन करते. १९१९ सालची संस्था आहे, म्हणजे आपल्या अनेक नगरपालिकांच्या इमारतींपेक्षा जुनी.

यातली गंमत बघा. युरोपातले लोक साठ-सत्तरच्या दशकात लंडनहून गाडीनं भारतात यायचे तेव्हा त्यांना सगळ्यात महाग गॅरंटी ज्या देशांसाठी भरावी लागे, त्यात आपण होतो. इराण, पाकिस्तान आणि भारत. कारण परदेशी गाडीवरचा आपला आयात कर. गाडीच्या किमतीपेक्षा कर जास्त, त्यामुळे गॅरंटीही तशीच. आज आपण नेपाळच्या भन्सारवाल्याला नावं ठेवतो, पण कडक नाकेवाले म्हणून जगात नाव आपलंच होतं.

आणि आपल्या माणसाला बाहेर जायचं असेल तर? साठच्या दशकाच्या उत्तरार्धात परदेशी निघालेल्या साध्या भारतीयाला सोबत आठ डॉलर नेता येत होते. आठ डॉलरमध्ये माणूसच पोचायची मारामार, गाडी कसली नेतो.

म्हणून मग गाड्या आल्या त्या तिकडून इकडे. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून सिडनीकडे एक मोटार शर्यत निघाली. ९८ गाड्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत दिल्लीला, आणि दिल्लीहून आग्रा-इंदूरकडून मुंबईला. म्हणजे आपल्याच रस्त्यानं. दिल्ली ते मुंबई हा टप्पा त्यांना २२ तास ५१ मिनिटांत पार करायचा होता, त्या काळच्या एकेरी डांबरी पट्ट्यावरून, बैलगाड्यांच्या मधून. मुंबईला ७२ गाड्या पोचल्या आणि बोटीत चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. धुळ्यातल्या कुणा आजोबांना त्या रात्रीची आठवण असेल तर मला जरूर सांगा, मी शोधतोय.

त्या काळात वाघा ओलांडून आलेल्या आणि गोव्याकडे निघालेल्या परदेशी व्हॅनही याच रस्त्याला असायच्या. १९७९ पर्यंत हा ओघ चालला. त्या वर्षी इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, रस्ता संपला.

कागदावर मात्र धुळ्याचं भाग्य वाढतच गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आयोगानं १९५९ पासून आशियाई महामार्गांचं जाळं आखायला घेतलं. २००३ मध्ये त्याचा करार झाला आणि ४ जुलै २००५ पासून तो लागू झाला. त्या नकाशात ग्वाल्हेर-इंदूर-धुळे-नाशिक-मुंबई-बंगळूर हा 'एएच ४७' आहे आणि हजिरा-धुळे-जळगाव-नागपूर-कोलकात्याकडे जाणारा 'एएच ४६'. दोन आशियाई महामार्ग एकमेकांना कापतात ते धुळ्यात! आपण त्याला अजून जुना तीन नंबर आणि सहा नंबर म्हणतो, सरकारनं मधल्या काळात ५२, ५३ आणि ६० असे नवे आकडे दिलेत. नकाशा बघितला तर फागण्याच्या टपरीवरून निघालेला माणूस ग्वाल्हेर-आग्र्यावरून 'एएच १' पकडून एका बाजूला इस्तंबूल आणि दुसऱ्या बाजूला टोकियोची दिशा धरू शकतो.

प्रत्यक्षात? अटारीचं फाटक पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये बंद झालं. मणिपुरातून मोरेमार्गे म्यानमार आणि पुढे थायलंड, यावर किती परिषदा झाल्या. २०२१ मध्ये म्यानमारात लष्करानं सत्ता घेतली आणि तो विषय लांबला. १५ जून २०१५ ला थिंफूत बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी मोटार वाहन करार केला, त्यात खासगी गाड्याही होत्या. मालाच्या ट्रकच्या चाचण्या झाल्या, फोटो छापून आले. पण २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहानं तो नाकारला. छोटा डोंगरी देश, त्यांना आपल्या गाड्यांच्या धुराची भीती वाटली. मला तरी त्यांचं चुकलं असं वाटत नाही. आपल्या पर्यटकांनी मनालीचं काय केलंय ते त्यांनी बघितलंय.

तर सगळी फाटकं मोजून झाल्यावर जळगाव-धुळ्याच्या माणसाला स्वतःची गाडी घेऊन आठवड्याभरासाठी परदेशात जायला खऱ्या अर्थानं उरतो तो नेपाळ, आणि थोडा भूतान.

नेपाळचा मोटारीशी इतिहास विलक्षण आहे. १९५० पर्यंत काठमांडूला बाहेरून मोटारीचा रस्ता नव्हता. पण राणा सरदारांना मोटारी हव्या होत्या. त्या हिंदुस्थानातून यायच्या, रक्सौलहून अमलेखगंजपर्यंत छोटी रेल्वे, पुढे भीमफेदीपर्यंत रस्ता, आणि तिथून डोंगरापलीकडे अख्खी मोटार बांबूंच्या सांगाड्यावर बांधून हमाल खांद्यावरून न्यायचे. त्याचे फोटो आहेत, शोधून बघा. दहा-वीस नव्हे, कितीतरी माणसं एका मोटारीखाली, वारकऱ्यांनी पालखी न्यावी तशी. म्हणजे गाडीनं माणसाला न्यायचं की माणसांनी गाडीला, असा प्रकार.

१९५६ मध्ये त्रिभुवन राजपथ तयार झाला. तो भारतानं बांधून दिला. सुनौलीहून बुटवलमार्गे पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्गही भारताच्याच मदतीनं झाला. काठमांडू-पोखरा हा पृथ्वी राजमार्ग मात्र चीनच्या मदतीनं. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांवर डोळा ठेवत ते रस्ते बांधले, आणि आज आपण त्यावरून 'पशुपतिनाथ दर्शन' करतो.

१९५० च्या मैत्री करारामुळे माणसाला व्हिसा लागत नाही. पण करार माणसांचा आहे, गाडीचा नाही. गाडीला भन्सार लागतो. भन्सार म्हणजे नेपाळी भाषेत जकात, आपली करोडगिरीच म्हणा ना. सुनौलीला आपली हद्द संपली की पलीकडे बेलहियाला भन्सार कार्यालय आहे. आरसी बुक आणि लायसन दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं, रोजच्या हिशेबानं पैसे भरायचे, पावती घ्यायची. ही पावती म्हणजे गरिबाचं कार्ने. ती हरवायची नाही, कारण बाहेर पडताना तीच दाखवून सुटायचं असतं, आणि मुदत उलटली तर दंड बसतो. खासगी गाडीला वर्षाकाठी ३० दिवसांची मर्यादा आहे. पावतीवर तारीख विक्रम संवताची असते, महिन्याची सुरुवातही आपल्या इंग्रजी महिन्याच्या मध्याला कुठेतरी होते, त्यामुळे 'कधीपर्यंत' हे तिथल्या माणसाकडून इंग्रजी तारखेत लिहून घ्या. नेपाळी रुपयाचा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, आपल्या १०० ला त्यांचे १६०. ते आपल्याला 'आयसी' आणि स्वतःच्याला 'एनसी' म्हणतात. हाली आणि कळदार, दुसरं काय.

इथपर्यंत पहिल्या भीतीचा बंदोबस्त झाला. त्यांना खात्री पटली की गाडी परत जाणार. आणि इथंच आपला माणूस समजतो की सगळं झालं.

आता दुसरी भीती. हा भाग लिहायला मला जड जातंय, पण लिहायला हवा. २३ ऑगस्ट २०२४. वरणगाव, भुसावळ आणि आसपासच्या गावांतले भाविक ज्या बसमध्ये होते, ती पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना तनहूं जिल्ह्यात रस्त्यावरून खाली मर्स्यांगदी नदीत गेली. तोच पृथ्वी राजमार्ग. २७ जण गेले. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानानं मृतदेह जळगावच्या विमानतळावर आले. त्या दोन दिवसांत मी वरणगावात होतो. एकेका गल्लीत तीन-तीन घरं. त्यावर मी तेव्हा लिहिलंय, परत लिहीत नाही. कुणाची चूक हेही इथं काढत नाही, ती बस भाड्याची होती आणि आपली लोकं नुसती प्रवासी होती.

पण त्या दिवसांत एक गोष्ट डोळ्यांसमोर आली. अपघात परदेशात झाला की साध्या साध्या गोष्टीला दोन सरकारं लागतात. पंचनामा तिथला, शवविच्छेदन तिथलं, दूतावासाचा कागद, इकडे जिल्हाधिकारी, मंत्रालय. त्या वेळी घटना मोठी होती म्हणून सगळी यंत्रणा हलली, विमान आलं. पाच जणांच्या एर्टिगासाठी विमान येत नाही.

आणि चाकावर आपण स्वतः असलो तर? तिथल्या माणसाला धक्का लागला तर कायदा तिथला. गाडी पोलिसांच्या ताब्यात, चालवणाराही ताब्यात, भरपाईचं ठरेपर्यंत. अशा वेळी माणूस डॅशबोर्ड उघडून पॉलिसी काढतो.

आपल्याकडे थर्ड पार्टी विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून आहे. १९३९ च्या मोटार कायद्यात ते प्रकरण होतं, पण लागू झालं त्या तारखेला. रस्त्यावरच्या परक्या माणसाला भरपाई मिळालीच पाहिजे, हे तत्त्व आपल्याला तेव्हापासून मान्य आहे. पण ही पॉलिसी कुठपर्यंत चालते ते तिच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं : भौगोलिक क्षेत्र, भारत. सुनौलीच्या कमानीखालून गाडीचं पुढचं चाक पलीकडे गेलं की ती पॉलिसी तुमच्यापुरती कागदाचा तुकडा. ७०-८० टक्के लोक ते पान कधी वाचत नाहीत, असं मी म्हणणार होतो, पण मी काही मोजणी केलेली नाही. एवढंच सांगतो की मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या कुणीच वाचलं नव्हतं.

यावर उपाय आहे, जुना आहे आणि स्वस्त आहे. भारतीय मोटार टॅरिफमध्ये पहिल्याच क्रमांकाचा जोडकलम आहे, 'आयएमटी १', भौगोलिक क्षेत्राचा विस्तार. जादा हप्ता भरून पॉलिसी बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या देशांपर्यंत वाढवता येते. (पाकिस्तान आणि मालदीव वाचून हसू येतं. मालदीवला गाडी कोण नेणार? पण कलम लिहिणाऱ्याची उमेद मोठी होती.) टॅरिफमधला दर पूर्ण पॉलिसीला ५०० रुपये आणि फक्त थर्ड पार्टी असेल तर १०० रुपये. आता कुठली कंपनी किती घेते ते विचारून घ्या, पण रक्कम याच पंगतीतली. आपण लुंबिनीच्या हॉटेलात एका जेवणाला यापेक्षा जास्त घालवतो.

अडचण पैशाची नाही, मागण्याची आहे. ऑनलाइन पॉलिसी काढताना हा पर्याय बहुतेक वेळा दिसतच नाही. एजंटला विचारलं तर तो म्हणतो, काही होत नाही भो, सगळे जातात. माझ्या एका मित्राला एका कंपनीच्या शाखेत असं काही कलम असतं हेच सांगावं लागलं. त्यानं चिकाटी धरली, चार दिवसांनी शिक्क्यासह कागद मिळाला. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नाही, किमान पंधरा दिवस आधी लेखी अर्ज द्या, देशाचं नाव आणि तारखा लिहा, आणि मिळालेला कागद पॉलिसीला जोडून छापील प्रत सोबत ठेवा. फोनमधला फोटो नाक्यावर दाखवायला ठीक, पण फोनची बॅटरी आणि अपघात यांची वेळ एकच येऊ शकते.

बाकी तयारी थोडक्यात सांगतो. गाडी कर्जावर असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल आणि ते सोबत नसतील तर त्यांचं अधिकारपत्र. पिवळ्या पाटीच्या गाडीचे नियम वेगळे आणि जास्त किचकट, टूरवाल्याची गाडी खासगी म्हणून न्यायचा शहाणपणा करू नका. कंपनीची ब्रेकडाऊन सेवा सीमेपलीकडे येत नाही, तेव्हा टायर आणि ब्रेक इकडेच बघून घ्या. आपल्या सपाटीवरच्या ड्रायव्हरला सातपुड्याचा घाट म्हणजे डोंगर वाटतो, हिमालयाच्या उतारावर ब्रेक तापणं काय ते त्याला माहीत नसतं. तिथं दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही.

आणि पावसाळ्यात जाऊ नका. श्रावणात यात्रा करायची हौस असते, मला कळतं. पण १२ जुलै २०२४ ला, आपल्या अपघाताच्या दीड महिना आधी, चितवनकडे दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत गेल्या, ६० हून जास्त माणसं होती. तो डोंगर आषाढ ते भाद्रपद माणसाच्या बाजूनं नसतो. दिवाळीनंतर आकाश मोकळं होतं, रस्ता कोरडा असतो आणि अन्नपूर्णा दिसते. निघण्याआधी तिथली परिस्थितीही बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं तेव्हा हजारो पर्यटक अडकले होते.

भूतानचं वेगळं आहे. फुंटशोलिंगहून प्रवेश, परवाना माणसाचाही लागतो आणि गाडीचाही. सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना माणशी एका रात्रीचे १२०० रुपये विकास शुल्क आहे आणि गाडीसाठी रोजचा आकार निराळा. चार माणसं, पाच रात्री असा हिशेब करून बघा, मग बरेच जण गाडी जयगावला ठेवून तिथली टॅक्सी करतात. विमा वाढवायचा तो भूतानसाठीही वाढवायचा, कलम तेच.

या दिवाळीत कोण कोण निघतंय ते कळवा. पॉलिसीचं पहिलं पान काढा, भौगोलिक क्षेत्राची ओळ वाचा आणि अडलं तर मला फोन करा, अर्जाचा मराठी नमुना तयार करून ठेवलाय, पाठवतो. आणखी एक काम आहे. सोयगाव, फर्दापूर, वाकोद, शेंदुर्णी या भागात कुणाच्या घरी जुन्या ट्रंकेत करोडगिरीची पावती किंवा हाली नाणं निघालं तर त्याचा फोटो पाठवा. वाकोदपुढे नाका नेमका कुठल्या झाडाखाली होता, हे सांगणारा माणूसही मला हवाय.